डी.एल.एड.च्या मुलांना भूगोल शिकवायला कसं शिकवायचं?

घाटमाथा | 22 जानेवारी, रात्री 10:12

सातारा जिल्ह्यातल्या एका अध्यापक विद्यालयात शिकवतो. डी.एड.चं (बारावीनंतरचा प्राथमिक शिक्षक होण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) डी.एल.एड. झालं तेव्हाही तिथंच होतो. बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, आज लिहून टाकतो.

डिसेंबरातली गोष्ट. सराव पाठ बघायला एका शाळेत मागच्या बाकावर बसलो होतो. चौथीचा वर्ग, परिसर अभ्यास, घटक दिशा. छात्राध्यापिका तयारीची होती. रोल-अप बोर्ड, रंगीत तक्ता, टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, सगळं जागच्या जागी. प्रस्तावनेचे प्रश्न झाले, हेतुकथन झालं. मग मुलांना पटांगणात नेलं. "उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण."

तिसऱ्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, "मॅडम, दिवाळीच्या आधी सूर्य आमच्या गोठ्याच्या बाजूनं उगवायचा. आता चिंचेच्या मागनं उगवतोय. मग पूर्व कुठली, गोठ्याकडची का चिंचंकडची?"

मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मध्ये बोलायचं नाही."

मी त्या पाठाला चांगले गुण दिले. टाचण पूर्ण होतं, फलकलेखन सुवाच्य होतं, वेळेचं नियोजन होतं. माझ्या निरीक्षण वहीत त्या पोराच्या प्रश्नासाठी रकानाच नव्हता. रात्री घरी आल्यावर तो प्रश्न टोचायला लागला. अख्ख्या वर्गात भूगोल फक्त त्या पोराला येत होता. सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे तो जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्या दिवशी मॅडमनी चाळीस मुलांना आग्नेयेच्या जवळपास तोंड करून उभं केलं आणि त्याला पूर्व म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रथम वर्षाला काही प्रश्न तोंडी विचारले. उन्हाळा का होतो? "सूर्य जवळ येतो म्हणून." (पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा.) कृष्णा पूर्वेला का वाहते? शांतता. उत्तर कुठं आहे, हात करून दाखवा. बऱ्याच जणांनी छताकडे बोट दाखवलं! नकाशात उत्तर वर असते ना.

मुलं मठ्ठ नाहीत. बारावी कुठल्याही शाखेतून येतात, भूगोलाशी शेवटची गाठ दहावीत, 40 गुणांपुरती. मध्ये तर अशी एक बॅच येऊन गेली जिचा दहावीचा भूगोलाचा पेपरच झाला नव्हता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे तो पुढे ढकलला, नंतर रद्द झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीनं गुण मिळाले. आज ती मुलं शिक्षक झालीत.

दोन वर्षांत आम्ही त्यांना पाठ घ्यायला शिकवतो, आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यातला भूगोल जसाच्या तसा राहतो. इथे शिक्षक बरेच आहेत. तुम्ही काय करता?

---

कल्याण_स्लो | 22 जानेवारी, रात्री 10:40

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. ते पोरगं पुढे मोठं होवो.

---

झेडपीवाला | 22 जानेवारी, रात्री 11:25

सर, राग मानू नका, पण तुम्ही अध्यापक विद्यालयातले लोक वर्षातून चार दिवस शाळेत येता आणि मग रात्री तुम्हाला प्रश्न टोचतात.

आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, खोल्या दोन. मी एका खोलीत दोन इयत्ता घेतो, त्यातच पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं आणि महिन्याची शिक्षण परिषद. वरून कोणी आलं की विचारतं, वाचन येतं का, वजाबाकी येते का. निपुण अभियान (पायाभूत वाचन-गणिताचं) आलं तेव्हापासून भाषा आणि गणित हेच दोन विषय उरलेत. उत्तर कुठे आहे हे आजवर एकाही साहेबानं माझ्या वर्गाला विचारलेलं नाही. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) पहिल्या पेपरात परिसर अभ्यासाला 150 पैकी 30 गुण, ते पाठांतरानं निघतात. जे कोणी विचारत नाही ते पोरं शिकणार कशी आणि शिकवणारा शिकवणार कशाला?

---

घाटमाथा | 23 जानेवारी, सकाळी 7:05

राग कसला. खरं आहे. पण त्या मॅडमकडे पस्तीस मिनिटं होती, मोकळं पटांगण होतं आणि आकाशात सूर्यही होता. तरी जमलं नाही, कारण तिनं स्वतः कधी सूर्य उगवताना दोन वेगळ्या महिन्यांत पाहिला नव्हता. वेळेची अडचण तुमची आहे, तिची ही होती.

---

निवृत्त_खडू | 23 जानेवारी, दुपारी 1:30

34 वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची काही केंद्रप्रमुख म्हणून. आमच्या वेळी तिसरीला जिल्ह्याचा भूगोल, चौथीला महाराष्ट्राचा, पाचवीला भारताचा. क्रम चांगला होता, शिकवणं मात्र तेव्हाही पिकं-खनिजं-घाट पाठ करण्याचंच. त्यामुळे "पूर्वी बरं होतं" असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र मी दरवर्षी करायचो, ती छात्राध्यापकांना जरूर शिकवा. दिवाळीचा किल्ला!

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, म्हटलं की डी.एड.ची पोरं घाबरतात. पुस्तकातली ती वेटोळी बघून त्यांना डोंगर दिसत नाही, कांदा चिरल्यासारखं काहीतरी दिसतं. मी काय करायचो, दिवाळीनंतर शाळा उघडली की ज्या घराचा किल्ला अजून मोडला नाही तिथं वर्ग घेऊन जायचो. एक फूटपट्टी शेजारी उभी रोवायची. दुसरी पट्टी आडवी धरून पाच सेंटिमीटर उंचीवर किल्ल्याला जिथं जिथं टेकते तिथं रांगोळीची रेघ काढत गोल फिरायचं. मग दहावर, मग पंधरावर. सगळ्या रेघा झाल्या की पोरांना ओट्यावर चढवून वरून बघायला लावायचं.

वरून बघितलं की ओरडतात, "गुरुजी, हा तर पुस्तकातला नकाशा!" मग विचारायचं, मावळे कुठून चढतील? जिथं रेघा लांब लांब आहेत तिथून. आणि कुठून चढणार नाहीत? जिथं रेघा एकमेकींना चिकटल्यात, तिथे कडा आहे. तीव्र उतार, मंद उतार हे शब्द नंतर सांगितले तरी चालतात.

शाडूचा लहान डोंगर करून घमेल्यात ठेवून पाणी दोन-दोन बोटं वाढवत नेलं तरी हेच होतं. मात्र लाल मातीचा किल्ला पाण्यात घालू नका. एकदा घातला होता, पोरं रडली.

---

नकाशावेडा | 23 जानेवारी, दुपारी 2:10

खडू काका, _/\_. हे वाचून मला शाळा बदलून घ्यावीशी वाटतेय.

---

शंकेखोर | 23 जानेवारी, सायंकाळी 6:48

सगळं छान आहे, पण हातात गुगल मॅप असताना दिशा आणि समोच्च रेषा यांचं इतकं काय? पोरं मोठी होऊन निळ्या ठिपक्याच्या मागे चालणार आहेत.

---

नकाशावेडा | 23 जानेवारी, रात्री 8:15

त्या निळ्या ठिपक्यामागे चालणारी मंडळी वळण आलं की फोन गोल गोल फिरवत उभी असतात, बघितलंयत ना? मुलांच्या भूगोलात फोन जरूर आणा, पण नकाशा काय लपवतो हेही दाखवा. त्याच फोनवर बोटांनी जग लहान करा, ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. प्रत्यक्षात भारत ग्रीनलंडच्या दीडपट आहे, आणि आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. होणाऱ्या शिक्षकाला हे एकदा पृथ्वीगोलावर कागद ठेवून, कापून, स्वतःच्या हातानं पडताळायला लावलं की नकाशा हा फोटो नव्हे हे कायमचं कळतं.

---

मेलबर्नकर | 24 जानेवारी, सकाळी 5:20

अवांतर वाटेल, पण धाग्याशी संबंध आहे. आमचं शिक्षण कोल्हापुरात. इथं आलो तेव्हा पहिल्या वर्षी मी सतत उलट्या दिशेला चालत जायचो. कारण कळायला बरेच महिने लागले. इथं दुपारी सूर्य उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते, आणि आकाशातून तो उजवीकडून डावीकडे जातो. लोक घर घेताना बैठकीची खोली उत्तरेला आहे का ते बघतात, ऊन तिकडून येतं म्हणून. "दुपारी सूर्य दक्षिणेला" हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की मी त्याला निसर्गनियम समजत होतो.

लेक इथल्या शाळेत आहे. आजीशी व्हिडिओ कॉलवर दोघींनी एकाच दिवशी आपापल्या दुपारची सावली मोजली. एकीची उत्तरेला, दुसरीची दक्षिणेला. आजीलाच जास्त मजा वाटली.

---

घाटमाथा | 24 जानेवारी, सकाळी 7:40

मेलबर्नकर, मजा म्हणजे त्यासाठी मेलबर्नला जायचीही गरज नाही. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं. म्हणजे आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस. साताऱ्याला 10 मेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्याही उत्तरेलाच असतो आणि सावली दक्षिणेला पडते. पण एक दिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुसरा पावसात. निसर्गानं शालेय वेळापत्रक बघून कारस्थान केल्यासारखं! तरी माण-खटावात जुलैत ऊन मिळतं. पर्जन्यछायेचा तेवढा एक फायदा.

यंदा मी एक प्रयोग चालू केलाय. प्रत्येकानं आपल्या गावाचा नकाशा काढून आणायचा, एसटी स्टँड ते शाळा, पावलं मोजून. आधी आपलं पाऊल किती सेंटिमीटरचं ते मोजायचं, मग शंभर पावलांना एक सेंटिमीटर. नकाशे आल्यावर त्याच गावाचं उपग्रह चित्र शेजारी ठेवलं.

रस्ते सरळ काढलेले, प्रत्यक्षात ते वाकडे. हे अपेक्षित होतं. स्वतःचं घर सगळ्यात मोठं, हेही अपेक्षित होतं. पण एकीच्या नकाशात ओढ्यापलीकडची वस्तीच नव्हती. तीस-पस्तीस घरं असतील, उपग्रहाला दिसतात. मी काही बोललो नाही, फक्त चित्रावर बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "सर, तिकडं आम्ही कधी जातच नाही." पुढच्या आठवड्यात ती पावलं मोजत ओढा ओलांडून गेली. तिकडची तीन मुलं तिच्याच आंतरवासितेच्या (इंटर्नशिपच्या) शाळेत आहेत हे तिला तेव्हा कळलं.

---

झेडपीवाला | 24 जानेवारी, रात्री 9:55

हे भारी आहे. मागच्या प्रतिसादात जरा तिरकं बोललो, हलके घ्या. वस्तीवरची पोरं उशिरा का येतात याचं उत्तर आमच्याकडे नेहमी "आळशी" असं असतं. ओढ्याला पाणी असलं की ती फरशी पुलावरून वळसा घालून येतात, हे मलाही रुजू झाल्यावर दोन वर्षांनी समजलं होतं.

---

आंतरवासिता_चालू | 30 जानेवारी, रात्री 10:30

मी डी.एल.एड. द्वितीय वर्षाला आहे, वेगळ्या कॉलेजची. आंतरवासिता माण तालुक्यातल्या एका शाळेत चालू आहे. धागा दोनदा वाचला. मला पुढच्या पंधरवड्यात पाचवीला दिशांचा पाठ घ्यायचाय. घाटमाथा सर, सूर्य पूर्वेला उगवत नाही तर मग उत्तर काढायची कशी? मोबाईलमधलं होकायंत्र चालेल का? आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात की बारा वाजताची सावली उत्तरेला पडते, तेवढं सांग.

---

घाटमाथा | 31 जानेवारी, सकाळी 6:50

होकायंत्र चालेल, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फारच थोडा फरक आहे. मात्र लोखंडी बाक आणि पत्र्याची शेड यांपासून लांब उभ्या राहा.

पण बाराची सावली नको. घड्याळ आपलं नाही! भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्ताची, आपण त्याच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तीसएक मिनिटं उशीर. त्यात फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्य स्वतःच चौदा मिनिटं मागे असतो. माणमध्ये त्या सुमारास खरी दुपार पाऊण वाजता होते. बाराच्या सावलीनं उत्तर काढली तर वीसएक अंश चुकेल.

सोपी रीत: मीटरभर सरळ काठी सपाट जमिनीत उभी रोवा. दोरीला दगड बांधून ओळंबा करा आणि काठी सरळ आहे का बघा. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली ती उत्तर. पाठ न घेता नुसतं हेच करा.

---

आंतरवासिता_चालू | 14 फेब्रुवारी, रात्री 9:15

सर, फसलं. 😞 काठी रोवली, मुलांनी खडे ठेवले. बाराला 64 सेंमी, साडेबाराला साडेएकोणसाठ, मग 59, 59, 59, एकला पुन्हा साडेएकोणसाठ. पंचवीस मिनिटं सावलीची लांबी हललीच नाही म्हणा ना. मुलं म्हणाली, "मॅडम, सूर्य थांबला." नेमकी आखूड कुठली ते ठरेना. मार्गदर्शक मॅडमनी निरीक्षणात लिहिलं, "घटक वेळेत पूर्ण झाला नाही."

---

निवृत्त_खडू | 14 फेब्रुवारी, रात्री 9:50

बाळ, फसलं नाही, उलट फार चांगलं मोजलंस. कोणी मनानं आकडे भरले असते तर 59 तीनदा आलंच नसतं. माथ्याजवळ सावलीची लांबी फार कमी बदलते, म्हणून लांबीवर जाऊ नये. जुने लोक वर्तुळ काढायचे. शंकूची रीत म्हणतात तिला. काठीच्या बुडाशी दोरी बांध. साडेअकराला सावली जिथंवर आहे तेवढी त्रिज्या घेऊन जमिनीवर वर्तुळ काढ, टोकाला खूण कर. सावली आखडून वर्तुळाच्या आत जाईल, आणि दुपारी पुन्हा वाढून वर्तुळाला शिवेल. तिथं दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. मधोमध काठीपासून रेघ काढली की उत्तर. त्या वेळी सावली झरझर सरकते, चूक होत नाही.

आणि घटक वेळेत पूर्ण न होण्याबद्दल, सूर्यालाही टाचण वाचून दाखव. :)

---

घाटमाथा | 14 फेब्रुवारी, रात्री 10:05

काकांना अनुमोदन. मी घाईत अर्धीच रीत सांगितली, चूक माझी. स्वतः करून न बघता सांगितलं की असं होतं. आणि हाच धागा मी काढलाय!

---

आंतरवासिता_चालू | 16 फेब्रुवारी, रात्री 8:40

काल पुन्हा केलं. पाठ म्हणून नाही, मधल्या सुट्टीच्या आगेमागे. साडेअकराला 72 सेंमीचं वर्तुळ काढलं. दोन वाजेपर्यंत मुलं वर्तुळाभोवती उकिडवी बसून होती, जेवणाची ताटं तिथंच आणली. दोन वाजून दोन मिनिटांनी सावली वर्तुळाला टेकली तेव्हा इतका आरडाओरडा झाला की मुख्याध्यापक सर बाहेर आले. दोन वेळांच्या मधली वेळ काढली तर 12:46. घाटमाथा सर, पाऊण! मी वहीत दोनदा गुणाकार करून बघितला.

मग मुलांनीच रेघ चुन्यानं पक्की केली. आमच्या शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटनं चार दिशांचा बाण रंगवलाय, रंगरंगोटीच्या वेळचा. तो आमच्या रेघेशी जुळेना. बराच तिरका आहे. रंगवणाऱ्यानं भिंतीला काटकोनात काढला असणार, आणि शाळा रस्त्याकडे तोंड करून बांधलीय.

वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा काढून आणून जमिनीवर पसरला, त्याची उत्तर चुन्याच्या रेघेवर ठेवली. एका मुलीनं नकाशावर साताऱ्यात उभं राहून (चपला काढून!) हात लांब केला आणि म्हणाली, "म्हंजी म्हाबळेश्वर तिकडं. आणि ढग तिकडनंच येत्यात, पण आमच्याइथं येईस्तवर रिकामे हुत्यात." तिथे पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि आमच्या माणात पाचशेच्या आसपास, हे मी पुढच्या आठवड्याच्या टाचणात लिहून ठेवलं होतं. आता ते कुठून सुरू करायचं ते बदलावं लागेल.

मुख्याध्यापक सर बाणाकडे आणि रेघेकडे आळीपाळीनं बघत होते. म्हणाले, "बाण तपासणीत दिसतो, तो राहू दे. रेघेला दरवर्षी चुना मारत जाऊ."

---

झेडपीवाला | 16 फेब्रुवारी, रात्री 9:02

आमच्या शाळेवरही तसाच बाण आहे. उद्या काठी घेऊन जातो.